एचओएच्या बोर्डावर निवडून आल्यावर: फ्लोरिडातील नोंदणी आणि संचालकांचे सक्तीचे प्रशिक्षण

फ्लोरिडात होमओनर्स असोसिएशनच्या, म्हणजे वसाहतीतील घरमालकांच्या संघटनेच्या (एचओएच्या), बोर्डावर निवडून येणे फारसे अवघड नसते. पुष्कळ वसाहतींत जागा जास्त आणि उमेदवार कमी असतात, त्यामुळे वार्षिक सभेला सहज गेलेला घरमालक संचालक होऊनच घरी परततो. त्यानंतरचा काळ मात्र सोपा नसतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार नव्या संचालकाला ९० दिवसांच्या आत राज्याच्या मान्यताप्राप्त संस्थेचे प्रशिक्षण पूर्ण करून प्रमाणपत्र सादर करावे लागते आणि ते न केल्यास कायद्यानेच त्याचे संचालकपद स्थगित होते. असोसिएशनची कागदोपत्री नोंदणी जिवंत ठेवण्याची जबाबदारीही त्याच बोर्डावर असते आणि ती एका जागी नसून दोन निरनिराळ्या कार्यालयांत विखुरलेली असते.

मुंबई-पुण्यात सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या समितीवर काम केलेल्यांनी येथे एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खालच्या संस्थेवर निबंधकाची नजर असते. निवडणूक, लेखापरीक्षण, सभासदाची तक्रार अशा प्रत्येक टप्प्यावर उपनिबंधकाचे कार्यालय कोठेतरी येतेच. फ्लोरिडातील एचओएसाठी असा निबंधक नाही. ‘डिपार्टमेंट ऑफ बिझनेस अँड प्रोफेशनल रेग्युलेशन’ या राज्य खात्याचे एचओएवरील अधिकार मर्यादित आहेत. निवडणूक आणि संचालकाला परत बोलावणे यांसंबंधीचे वाद त्याच्याकडे लवादासाठी जाऊ शकतात, तर इतर बरेचसे वाद आधी मध्यस्थीकडे आणि मग न्यायालयात जातात. वरून कोणी पाहत नसल्याने संचालकालाच नियम शिकवून तयार करावे, असा मार्ग या राज्याने स्वीकारला आहे, आणि प्रशिक्षणाच्या सक्तीमागचे कारण माझ्या मते हेच आहे. मायामी-डेड काउंटीतील ‘हॅमॉक्स’ या मोठ्या वसाहतीच्या बोर्डाशी संबंधित व्यक्तींना नोव्हेंबर २०२२ मध्ये असोसिएशनच्या पैशांच्या अपहाराच्या आरोपांवरून अटक झाली, आणि त्यानंतर कायदे कडक करण्याच्या मागणीला जोर आला.

पहिली पायरी: आपण कोणत्या कायद्याखाली आहोत हे ठरवणे

एचओएला फ्लोरिडा कायद्याचे प्रकरण ७२० लागू होते, तर कॉन्डोमिनियमला प्रकरण ७१८. बाहेरून पाहून हा फरक ओळखता येत नाही. एकमेकांना चिकटलेल्या टाउनहाऊसची वसाहत कायद्याने कॉन्डो असू शकते आणि तशीच दिसणारी शेजारची वसाहत एचओए असू शकते. घरासोबत जमिनीचा तुकडा, म्हणजे पार्सल, आपल्या नावावर आहे की केवळ युनिट आणि सामाईक भागातील हिस्सा आपल्या नावावर आहे, हे खरेदीखतावरून कळते. निर्णायक कागद मात्र ‘डिक्लरेशन’, म्हणजे वसाहतीची बंधने आणि हक्क ठरवणारा मूळ दस्तऐवज, हाच असतो. तो काउंटीच्या ‘ऑफिशियल रेकॉर्ड्स’मध्ये नोंदवलेला असून बहुतेक काउंट्यांच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो. त्याच्या पहिल्या दोन-तीन पानांतच कोणत्या प्रकरणाचा आधार घेतला आहे ते लिहिलेले असते.

ही तपासणी अनेक जण टाळतात, कारण मॅनेजमेंट कंपनीने सांगितले म्हणजे ते बरोबरच असणार असे त्यांना वाटते. दोन्ही कायद्यांतील प्रशिक्षणाचे तास, प्रमाणपत्राची मुदत आणि अभ्यासक्रम वेगळे असल्याने चुकीच्या प्रकरणाचे प्रमाणपत्र आणले तर ते उपयोगी पडत नाही. काही वसाहतींत वरची ‘मास्टर असोसिएशन’ आणि तिच्याखाली छोट्या असोसिएशन अशी दुहेरी रचना असते. तेथे आपण नेमके कोणत्या बोर्डावर निवडून आलो आणि त्या संस्थेचे कायदेशीर नाव काय, हे लिहून ठेवावे, कारण पुढच्या प्रत्येक अर्जावर ते जसेच्या तसे लागते.

दुसरी पायरी: नोंदणी जिवंत आहे का हे पाहणे

एचओए ही कायद्याने फ्लोरिडातील कॉर्पोरेशन असते. १ ऑक्टोबर १९९५ नंतरच्या असोसिएशनला कॉर्पोरेशन म्हणून स्थापन होणे आणि आपली मूळ नियमावली काउंटीत नोंदवणे बंधनकारक आहे. त्यामुळे ‘एचओए नोंदणी’ या नावाचे एकच कार्यालय शोधण्यात अर्थ नाही. बोर्डाने राज्य आणि काउंटी अशा दोन ठिकाणी पाहायचे असते.

राज्याच्या ‘डिव्हिजन ऑफ कॉर्पोरेशन्स’चे संकेतस्थळ ‘सनबिझ’ या नावाने ओळखले जाते. तेथे असोसिएशनचे नाव टाकल्यावर ती सक्रिय आहे की नाही, शेवटचा वार्षिक अहवाल कधी दाखल झाला, संचालक म्हणून कोणाची नावे आहेत आणि ‘रजिस्टर्ड एजंट’ कोण आहे हे दिसते. वार्षिक अहवाल दरवर्षी १ जानेवारी ते १ मे या काळात भरायचा असतो. ना-नफा कॉर्पोरेशनसाठी त्याचे शुल्क ६१.२५ डॉलर आहे. हा अहवाल हिशोबाचा नसून केवळ नाव, पत्ता, पदाधिकारी आणि एजंट यांची माहिती ताजी करणारा असतो, त्यामुळे भरायला फारसा वेळ लागत नाही. तरीही तो राहून जातो, आणि सप्टेंबरपर्यंत भरला नाही तर राज्य कॉर्पोरेशन प्रशासकीय आदेशाने विसर्जित करते. नंतर पुनर्स्थापना करून घेता येते, पण दरम्यान बँक, विमा कंपनी किंवा घर विकणाऱ्या सभासदाच्या टायटल कंपनीने, म्हणजे मालकी हक्क तपासणाऱ्या कंपनीने, नोंद तपासली तर अडचण बोर्डाचीच होते.

रजिस्टर्ड एजंट कोण आहे हे विशेष पाहावे. न्यायालयाची नोटीस असोसिएशनवर बजावायची असल्यास ती याच व्यक्तीकडे जाते. करार संपलेल्या जुन्या मॅनेजमेंट कंपनीचे नाव तेथे तसेच राहिले असेल, तर असोसिएशनवर दावा लागल्याचे बोर्डाला कळण्याआधीच उत्तराची मुदत उलटू शकते.

अहवालाच्या हंगामात असोसिएशनच्या पत्त्यावर सरकारी दिसणारी पत्रे येतात आणि ‘अनुपालन शुल्क’ किंवा ‘प्रमाणपत्र शुल्क’ म्हणून मोठ्या रकमा मागतात. त्यांचा राज्याशी संबंध नसतो. सनबिझवर स्वतः जाऊन भरलेल्या शुल्काखेरीज काहीही भरू नये. केंद्राच्या ‘कॉर्पोरेट ट्रान्सपरन्सी’ कायद्याखालील मालकी-माहितीच्या अहवालाबद्दलही अशी पत्रे येतात. अमेरिकेत स्थापन झालेल्या कॉर्पोरेशनना मार्च २०२५ मध्ये त्या अहवालातून वगळले गेले असल्याने एचओएने त्यासाठी कोणाला पैसे देण्याचे कारण उरलेले नाही.

काउंटीची बाजू अधिक गुंतागुंतीची आहे. ‘मार्केटेबल रेकॉर्ड टायटल’ कायद्यामुळे, म्हणजे प्रकरण ७१२ मुळे, जमिनीवर नोंदवलेली जुनी बंधने ३० वर्षांनंतर लोप पावू शकतात, आणि त्या बंधनांमध्ये आपले डिक्लरेशनही येते. ते लोपले, तर मासिक किंवा वार्षिक वर्गणी आकारण्याचा असोसिएशनचा पायाच ढासळतो. तो टिकवण्यासाठी काउंटीत विहित नमुन्यातील सूचना वेळेत नोंदवावी लागते. वार्षिक सभेनंतर होणाऱ्या बोर्डाच्या पहिल्या नियमित बैठकीत अशी सूचना नोंदवणे इष्ट आहे का याचा विचार बोर्डाने केलाच पाहिजे, असे प्रकरण ७२० सांगते. नव्या संचालकाने बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेत हा विषय आहे का ते पाहावे, नसल्यास घालून घ्यावा आणि इतिवृत्तात त्याची नोंद करवून घ्यावी. १९९० च्या दशकात वसलेल्या वसाहतींसाठी हा विषय आता अगदी दारात आला आहे. सूचना तयार करण्याचे काम वकिलाकडूनच करून घ्यावे. येथे खर्च वाचवू नये.

तिसरी पायरी: ९० दिवसांतले प्रशिक्षण

मुदत निवडणुकीच्या दिवसापासून मोजली जाते; मधल्या काळात रिकाम्या जागेवर नेमलेल्या संचालकासाठी ती नेमणुकीच्या दिवसापासून सुरू होते. १५ जानेवारीला निवड झाली, तर लीप वर्ष नसल्यास १५ एप्रिल हा नव्वदावा दिवस येतो. संचालक व्यवसायाने वकील आहे, लेखापाल आहे किंवा पूर्वी दहा वर्षे अध्यक्ष होता, म्हणून सूट मिळत नाही. पूर्वी नियमावली वाचल्याचे लेखी निवेदन सचिवाकडे देऊन मोकळे होण्याचा पर्याय होता. बोर्डातील जुनी मंडळी अजूनही ‘एक सही केली की झाले’ असे सांगतात. त्यांचे ऐकू नये.

प्रशिक्षण देणारी संस्था वर उल्लेखलेल्या राज्य खात्याने मान्य केलेली असली पाहिजे. असोसिएशनच्या कायद्यात काम करणाऱ्या अनेक वकिली संस्था आणि मॅनेजमेंट कंपन्या असे वर्ग ऑनलाइन आणि बहुधा विनामूल्य घेतात. त्यात त्यांची जाहिरातही होते, हे गृहीत धरूनच बसावे. नोंदणी करण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: हा वर्ग प्रकरण ७२० साठी मान्य आहे का, तो नव्या संचालकांचा मूळ अभ्यासक्रम आहे की वार्षिक निरंतर शिक्षणाचा, आणि प्रमाणपत्रावर नाव, तारीख व तास छापून मिळतात का. शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण पुढे कोणी सभासदाने कागद मागितला की त्याचे महत्त्व कळते.

मूळ अभ्यासक्रमात चार विषय असणे बंधनकारक आहे: आर्थिक साक्षरता व पारदर्शकता, दस्तऐवजांची जपणूक, दंड आकारणी, आणि सूचना व सभांचे नियम. हे चार विषय उगाच निवडलेले नाहीत. बोर्ड आणि सभासद यांच्यातील बहुतेक भांडणे यांच्यातूनच उगवतात. त्यामुळे वर्ग पार पाडण्यापुरते न बसता प्रत्येक विषय आपल्या वसाहतीच्या कागदांशी ताडून पाहावा.

पैशांच्या बाबतीत असोसिएशनच्या एकूण वार्षिक उत्पन्नावरून वित्तीय अहवालाचा दर्जा ठरतो. दीड लाख डॉलरच्या आत साधा जमा-खर्च चालतो, तर पाच लाख किंवा त्याहून अधिक उत्पन्नाला लेखापरीक्षित विवरणपत्रे लागतात. एक हजार किंवा त्याहून अधिक पार्सल असतील तर उत्पन्न कितीही असो, लेखापरीक्षित विवरणपत्रेच लागतात. दस्तऐवजांच्या बाबतीत सभासदाने लेखी मागणी केल्यावर दहा कामकाजी दिवसांत कागद पाहू दिले पाहिजेत. न दिल्यास अकराव्या कामकाजी दिवसापासून दिवसाला ५० डॉलर, जास्तीत जास्त दहा दिवसांपर्यंत, अशी किमान नुकसानभरपाई कायद्यात आहे. १०० किंवा त्याहून अधिक पार्सल असलेल्या असोसिएशनला १ जानेवारी २०२५ पासून हे कागद संकेतस्थळावर किंवा अॅपवर ठेवावे लागतात आणि त्यांत संचालकांची प्रमाणपत्रेही येतात.

दंडाचा विषय सर्वांत काळजीपूर्वक ऐकावा. बोर्ड दंड प्रस्तावित करू शकतो, पण सभासदाला १४ दिवसांची लेखी सूचना देऊन किमान तीन सभासदांच्या स्वतंत्र समितीपुढे सुनावणी दिल्याशिवाय तो लादता येत नाही. या समितीत पदाधिकारी, संचालक, कर्मचारी किंवा त्यांचे जवळचे नातेवाईक चालत नाहीत. नियमावलीत वेगळे नसेल तर एका उल्लंघनाला १०० डॉलर आणि सलग चालणाऱ्या उल्लंघनाला एकूण १,००० डॉलर ही मर्यादा आहे, आणि १,००० डॉलरखालच्या दंडापोटी घरावर लीन, म्हणजे थकबाकीपोटीचा बोजा, टाकता येत नाही. २०२४ च्या दुरुस्तीने आणखी दोन गोष्टींवर दंड करण्यास मनाई केली. कचरागाडीच्या नियोजित वेळेच्या आधी वा नंतर २४ तासांच्या आत रस्त्याकडेला ठेवलेल्या डब्यासाठी दंड करता येत नाही. तसेच सणाची सजावट किंवा दिवे नियमावलीतील मुदतीपेक्षा जास्त काळ राहिले, तरी लेखी सूचना देऊन एक आठवडा उलटल्याशिवाय दंड करता येत नाही. कायद्यात विशिष्ट सणाचे नाव नाही. दिवाळीचा आकाशकंदील आणि माळा तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवणाऱ्या घरांना हे माहीत असलेले बरे, आणि त्यांना नोटीस पाठवू पाहणाऱ्या बोर्डालाही.

सभांच्या बाबतीत बोर्डाच्या बैठकीची सूचना ४८ तास आधी ठळक जागी लावावी लागते. विशेष वर्गणी किंवा पार्सलच्या वापराबाबतचे नियम चर्चेला असतील तर ती १४ दिवस आधी सभासदांना द्यावी लागते. व्हॉट्सॲप गटावर मत घेऊन निर्णय जाहीर करण्याची सवय असलेल्या बोर्डाला हा भाग बहुधा सर्वांत जाचक वाटतो.

मूळ प्रमाणपत्र जास्तीत जास्त चार वर्षे चालते, म्हणून सलग पदावर राहणाऱ्यालाही तो वर्ग किमान दर चार वर्षांनी पुन्हा करावा लागतो. त्याखेरीज दरवर्षी निरंतर शिक्षण आहे: २,५०० पेक्षा कमी पार्सल असलेल्या असोसिएशनमध्ये किमान चार तास आणि २,५०० किंवा त्याहून अधिक असल्यास किमान आठ तास. विनामोबदला काम करणाऱ्या माणसाकडून ही अपेक्षा जरा जास्तच आहे, असे माझे मत आहे. पण कायद्यात आहे तोवर वर्षाच्या सुरुवातीलाच तास उरकून घेणे शहाणपणाचे ठरते.

कॉन्डोच्या संचालकांसाठी मोजमाप निराळे आहे. त्यांना नियमावली वाचल्याचे लेखी निवेदन आणि किमान चार तासांच्या वर्गाचे प्रमाणपत्र अशी दोन्ही कागदपत्रे द्यावी लागतात. प्रमाणपत्र सात वर्षे चालते आणि दरवर्षी एक तासाचे निरंतर शिक्षण पुरते. २४ जून २०२१ रोजी सर्फसाइड येथील ‘शॅम्प्लेन टॉवर्स साउथ’ ही इमारत कोसळून ९८ जणांचा मृत्यू झाला, त्यानंतरच्या दुरुस्त्यांमुळे इमारतीची टप्प्याटप्प्याने तपासणी आणि दुरुस्तीनिधीचा अभ्यास हे विषय त्यांच्या अभ्यासक्रमात आहेत. कॉन्डो असोसिएशनना राज्य खात्याकडे स्वतंत्र ऑनलाइन खाते उघडणेही १ ऑक्टोबर २०२५ पासून बंधनकारक झाले.

चौथी पायरी: प्रमाणपत्र दाखल करणे, आणि एखाद्याने ते केले नाही तर

प्रमाणपत्र राज्याकडे पाठवायचे नसून असोसिएशनच्या सचिवाकडे द्यायचे असते. ते ईमेलने पाठवून पोहोच मागावी आणि पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात नोंद करून घ्यावी. असोसिएशनने ते संचालकाच्या निवडणुकीनंतर पाच वर्षे सभासदांना पाहण्यासाठी उपलब्ध ठेवायचे असते.

मुदतीत प्रमाणपत्र न देणारा संचालक अट पूर्ण करेपर्यंत स्थगित राहतो. यासाठी बोर्डाला ठराव करून शिक्षा द्यावी लागत नाही. स्थगिती कायद्यानेच येते, आणि त्या काळापुरती जागा बोर्ड तात्पुरती भरू शकते. असा संचालक बैठकीला येऊन मत देत राहिला, तर अध्यक्षाने सौम्य पण स्पष्ट शब्दांत कलम ७२०.३०३३ दाखवून त्याला थांबवावे. प्रमाणपत्र फायलीत नाही एवढ्याच कारणाने बोर्डाचा निर्णय अवैध ठरत नाही, असेही त्याच कलमात म्हटले आहे. विरोधी गटाने हा मुद्दा उपस्थित केला तर घाबरून जुने ठराव पुन्हा पास करत बसू नये.

इतर राज्यांत

कोलोराडोचा मार्ग याच्या बरोबर उलट आहे. तेथे प्रत्येक एचओएला ‘डिव्हिजन ऑफ रिअल इस्टेट’कडे दरवर्षी नोंदणी करावी लागते, आणि नोंदणी चुकली तर ती पुन्हा वैध होईपर्यंत वर्गणीच्या थकबाकीसाठी लीन अमलात आणण्याचा अधिकार स्थगित होतो. वार्षिक उत्पन्न ५,००० डॉलर किंवा त्याहून कमी असलेल्यांना शुल्क माफ आहे, नोंदणी मात्र नाही. शिक्षणाची सक्तीही तेथे निराळ्या दिशेने आहे: असोसिएशनने वर्षातून किमान एकदा घरमालकांना विनामूल्य माहिती द्यायची असते. नेवाडात दरवर्षीची नोंदणी आहेच, शिवाय संचालकाने ९० दिवसांत नियमावली आणि कायद्याचे प्रकरण ११६ वाचून समजल्याचे लेखी द्यायचे असते. टेक्सासात २०२१ च्या दुरुस्तीनंतर ‘मॅनेजमेंट सर्टिफिकेट’, म्हणजे असोसिएशनची व तिच्या व्यवस्थापनाची मूलभूत माहिती देणारा कागद, काउंटीत नोंदवून सात दिवसांत राज्याच्या रिअल इस्टेट कमिशनकडेही द्यावे लागते. मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीत, संपूर्ण राज्यात नव्हे, १ जानेवारी २०१६ पासून बोर्ड सदस्यांना ९० दिवसांत काउंटीचे प्रशिक्षण सक्तीचे आहे.

नवी वसाहत: बिल्डरकडून ताबा घेताना

फ्लोरिडात नव्या वसाहतीत घर घेतलेल्यांसाठी वरील सर्व पायऱ्या एकाच वेळी येऊन पडतात. ९० टक्के पार्सल विकली गेल्यानंतर तीन महिन्यांनी बोर्डातील बहुमत निवडण्याचा हक्क घरमालकांना मिळतो. एक संचालक निवडण्याचा हक्क त्याआधी, ५० टक्के विक्रीनंतरच मिळालेला असतो. हस्तांतराच्या निवडणुकीत जवळजवळ सगळेच संचालक नवे असतात, म्हणून सर्वांची ९० दिवसांची मुदत एकाच तारखेला संपते. कोणीच प्रशिक्षण घेतले नाही तर अख्खे बोर्डच स्थगित व्हायचे, म्हणून सर्वांनी एकाच वर्गाला एकत्र बसणे सोयीचे पडते. बिल्डरने असोसिएशनचे कागद स्वखर्चाने सुपूर्द करण्याची कमाल मुदतही ९० दिवसांचीच आहे. त्या गठ्ठ्याची वाट न पाहता निवडणुकीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात सनबिझवरची पदाधिकाऱ्यांची नावे आणि रजिस्टर्ड एजंट बदलून घ्यावेत, कारण तोपर्यंत राज्याच्या दृष्टीने असोसिएशनच्या नावाने आलेली नोटीस बिल्डरच्याच कार्यालयात पोहोचत असते.